दमलेल्याला बाजूला कुणी करायचं

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी वारलं की पहिला फोन मला येतो. नातेवाइकांना त्यानंतर कळवतात. बांबू कुठे चांगले मिळतात, मडकं कुणाकडे, शववाहिनीचा ड्रायव्हर फोन उचलत नसेल तर कुठल्या टपरीवर सापडतो, दाखल्यासाठी कुठला डॉक्टर कुरकुर न करता येतो, हे सगळं मला तोंडपाठ. तिरडी मीच बांधतो. गाठी अशा मारतो की स्मशानात सोडताना कुणाला कात्री शोधावी लागत नाही. याचा मला अभिमान आहे म्हटलं तर विचित्र वाटेल, पण आहे.

हे काम मी काही मागून घेतलेलं नाही. मी उरणकडच्या एका गावचा, आगरी. वाडवडील मिठागरात राबले, मी त्याच बाजूच्या एका कंपनीत नोकरी केली, आणि मुलीच्या कॉलेजसाठी म्हणून सुकापूरला फ्लॅट घेतला तो इथलाच झालो. आमच्या गावात मरणाचं काम कुणा एकाचं नसतं. रडण्याचा आवाज आला की भावकी आपोआप गोळा होते. कुणी बांबू तोडतो, कुणी दोर आणतो, कुणी पाणी तापवायला ठेवतो, कुणाला काही सांगावं लागत नाही. इथे आलो आणि पहिल्याच वर्षी वरच्या मजल्यावरचे एक आजोबा गेले. बघतो तर चांगले शिकलेसवरलेले बाप्ये मोबाइल हातात घेऊन तिरडी कशी बांधतात त्याचा व्हिडिओ बघतायत. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, व्हा बाजूला. त्या दिवशी जे गळ्यात पडलं ते पडलंच.

गावात सगळेच हात लावतात, त्यामुळे कुणाचेच हात अशुभ नसतात. इथे मी एकटाच लावतो. तोंडावर कुणी काही बोलत नाही, माणसं सभ्य आहेत. पण मुलीच्या साखरपुड्याला निघालेल्या एक बाई मला लिफ्टमध्ये बघून म्हणाल्या, आम्ही जिन्याने उतरतो, तेवढाच व्यायाम. वरच्या मजल्यावरून, पैठणी नेसून! खाली कुणाच्या नव्या गाडीची पूजा चालू असली की मी आपला मागच्या गेटने निघतो. बायको चेष्टा करते. म्हणते, तुम्ही नुसती बेल वाजवलीत तरी लोक आधी घरातली माणसं मोजतात. मी हसतो. दर वेळी हसू येतंच असं नाही.

या सगळ्यात एकच घर वेगळं होतं, आमच्या समोरच्या दारातलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, माझ्याहून थोडे मोठे, साताऱ्याकडचे. वहिनी माळकरी. त्यांच्या घरात मासळीचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून आमच्याकडे जिताड्याचं कालवण झालं की हे पेपर परत करायच्या निमित्ताने यायचे आणि पोटभर जेवून जायचे. वहिनींना पक्कं ठाऊक होतं. एकदा मला म्हणाल्या, तुमच्याकडून पेपर वाचून आले की यांच्या मिशीला वास येतो. त्या घरात मी कधीही जायचो. सणाला, बारशाला, अगदी सत्यनारायणाच्या पूजेला त्यांनी मला पुढे बसवलं होतं. मला त्याचं फार बरं वाटायचं.

तर तो रविवार. सकाळी खाली पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग होती. विषय नेहमीचाच, पाण्याचा टँकर. उन्हाळ्यात आमच्याकडे यापेक्षा मोठा विषय नसतो. कोणत्या विंगची टाकी आधी भरायची यावरून आवाज चढले होते, आणि आमचे हे समोरच्या दारातले तावातावाने उभे राहून बोलत होते. बोलता बोलता थांबले. वाक्य आठवत नसावं तसे वर बघायला लागले. मग खुर्चीच्या पाठीला धरून खाली बसायला गेले आणि खुर्चीसकट आडवे झाले.

पुढचा गोंधळ मला आजही नीट लावता येत नाही. कुणी म्हणालं गॅस झालाय, कुणी म्हणालं शुगर उतरली, साखर आणा. एकाने तळपाय चोळायला घेतले. दुसऱ्याने कांदा आणायला पोरगी पिटाळली. मी गर्दीतून आत घुसलो तेव्हा ते तोंड उघडून मधेच एखादा घोरल्यासारखा आवाज काढत होते, आणि कुणीतरी समाधानाने म्हणालं, श्वास चालू आहे, घाबरायचं कारण नाही. तो श्वास नव्हता. मी तो आवाज पुष्कळदा ऐकलाय, बहुतेक वेळा उशिरा पोचून. मी ओरडलो, अॅम्ब्युलन्स बोलवा आणि छाती दाबा. लोकांनी माझ्याकडे बघितलं आणि खरं सांगतो, दोघंजण मागे सरकले. मी ज्या अर्थी पुढे आलो त्या अर्थी संपलं, असं त्यांना वाटलं असावं.

तेवढ्यात त्यांचा मुलगा जिन्याने धावत आला. नोकरी करणारा, व्यायाम करणारा, चांगला दणकट गडी. त्याच्या ऑफिसात हे शिकवलेलं होतं. वडिलांच्या शेजारी गुडघ्यांवर बसून त्याने तळहातावर तळहात ठेवला, हात ताठ केले आणि दाबायला सुरुवात केली. सुरुवात फक्कड होती. छाती खाली जात होती आणि पूर्ण वर येत होती. मला जरा धीर आला. वॉचमन अॅम्ब्युलन्सला रस्ता दाखवायला नाक्यावर पळाला. बँकेत नोकरी करणारा दुसऱ्या मजल्यावरचा एक जण फोनवर पत्ता सांगत होता.

आमच्या कंपनीत दरवर्षी हे शिकवायला एक माणूस यायचा. सोबत रबराचा बाहुला असायचा. छाती पुरेशी दाबली गेली की त्याच्या खांद्यावर हिरवा दिवा लागे, कमी पडली की लाल. गंमत अशी की सुरुवातीला सगळ्यांचाच हिरवा लागायचा, आणि थोड्याच वेळात चांगल्या चांगल्या पैलवानांचा लाल व्हायचा. विचारलं की गडी छाती फुगवून सांगायचा, मी कुठे दमलोय? आम्ही खदाखदा हसायचो. तो मास्तर एवढंच म्हणायचा की दमलेल्या माणसाला विचारू नका, त्याला ते कळत नाही. बघणाऱ्याने बघायचं, दोन मिनिटं झाली की बदलायचं, आणि बदलताना दाब थांबू द्यायचा नाही.

मुलाचं तेच झालं. चेहरा लालबुंद, घाम नाकावरून टपटपतोय, तोंडाने आकडे जोरात म्हणतोय, पण कोपर वाकायला लागलेले. छाती जेमतेम हलत होती. मी म्हटलं, बाळा, आता मला दे. तो म्हणाला, नाही काका, मी ठीक आहे. मी पुन्हा म्हटलं. त्याला ऐकूच गेलं नाही. मग मी विचार न करता तेच केलं जे हजार वेळा केलंय. त्याच्या शेजारी वाकलो आणि माझा खांदा त्याच्या खांद्याला लावून हळूच आत सारायला लागलो.

आमच्याकडे तिरडीखाली असंच बदलतात. दमलो असं तिथे कुणी म्हणत नाही, म्हणायचं नसतं. बाजूने चालणाऱ्याला दिसतं, तो खांदा लावून आत येतो, आधीचा मुकाट बाहेर निघतो. चाल मोडत नाही. मला तर तेवढंच येत होतं. आणि नेमक्या त्या क्षणी वहिनी खाली पोचल्या. त्या देवळात गेल्या होत्या, हातात फुलांची परडी तशीच. त्यांना काय दिसलं असेल ते मला नंतर कळलं. नवरा जमिनीवर, आणि मी त्याला खांदा देतोय.

“तुम्ही हात लावू नका!” त्या ओरडल्या. “भाऊ, तुम्ही नको. तुम्ही लांब व्हा.”

मी लांब झालो. का झालो? याचं उत्तर मी अजून शोधतोय. हट्टाने बसून राहायला हवं होतं का? बायकोमाणूस, नवरा असा पडलेला, सगळी सोसायटी बघतेय, तिचा शब्द झुगारून पुढे व्हायचं का? मला राग आला होता, खूप राग, आणि त्याच वेळी वाटलं की बाई बरोबर तर बोलत नसेल? मी ज्यांना ज्यांना हात लावला ती सगळी माणसं आधीच गेलेली होती हे मला माहीत आहे, मी काही खुळा नाही. तरीही मी स्वतःच्या हातांकडे बघितलं. असा मूर्खपणा माणूस करतो.

पार्किंगच्या खांबाआड एका स्कूटरला टेकून मी उभा राहिलो. तिथून मला सगळं दिसत होतं आणि वहिनींना मी दिसत नव्हतो. मी बँकवाल्याला खूण केली, तू जा, तू घे. त्याने फोन दुसऱ्याकडे दिला आणि तो बसला, पण पोराला काही हटवेना. भिडस्त माणूस. दुसऱ्याच्या बापाच्या छातीवरून मुलाचे हात कसे काढायचे? मी खांबाआडून दरडावलं, ढकल त्याला. मग त्याने ढकललं. मुलगा बाजूला पडला आणि तसाच बसून हवेत हात दाबत राहिला, क्षणभर त्याला कळलंच नाही की खाली कुणी नाही. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बँकवाल्याला काही येत नव्हतं. तो कणीक तिंबल्यासारखा दाबत होता. मी तिथूनच ओरडायला लागलो. हात ताठ ठेव, अंग टाक, आता सोड, पूर्ण सोड, परत. एक दोन तीन चार मी मोजत होतो. माझ्या आवाजाला वहिनींनी हरकत घेतली नाही. हातांना बंदी, आवाजाला नाही. त्या वेळी हा विचार मनात आला नव्हता, नंतर आला आणि मला त्याचं काय करावं कळेना. बँकवाला जमेल तसं करत होता, पण त्याला फार वेळ झेपलं नाही. एका बाजूला कलंडून धापा टाकायला लागला. मुलाने परत सुरू केलं, पण त्याच्या हातात जीव उरला नव्हता. आणि बाकीचे? बाकीचे आपापल्या चपलांकडे बघत होते. कुणाला कंबरेचं दुखणं, कुणाचं नुकतंच ऑपरेशन. अॅम्ब्युलन्स रेल्वेच्या फाटकापाशी अडकली होती, असं वॉचमनचा फोन सांगत होता.

वहिनींनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग खांबाकडे वळल्या. म्हणजे मी कुठे आहे ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

“भाऊ, या,” एवढंच म्हणाल्या.

मी गेलो. गुडघे टेकले आणि दाबायला लागलो. पहिल्या काही दाबांतच हाताखाली काहीतरी कटकन वाजलं. बरगडी. मास्तर सांगायचा, बरगडी गेली तरी थांबू नका, बरगडी जुळते. पण बाहुल्याची बरगडी कधी वाजली नव्हती.  मनात काय काय येत होतं! हे पेपर द्यायला येतील, हे येणार नाहीत. वहिनी मघाशी काय बोलल्या, आता काय बोलल्या. मी इतकं सगळं मनात घोळवत असताना हात काय करत होते, देव जाणे. मला वाटत होतं मी जोरात दाबतोय. मला अगदी तसंच वाटत होतं. शपथ घालून विचारलं असतंत तरी मी म्हणालो असतो की बाहुला असता तर दिवा हिरवा लागला असता.

“तुमचं वरवर होतंय,” वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, “मी नाय दमलो. बरा हाय मी.” गावची बोली निघाली तोंडातून, जी मी बिल्डिंगमध्ये कधी बोलत नाही.

त्या पुन्हा सांगत बसल्या नाहीत. पदर कमरेला खोचला, माझ्या शेजारी बसल्या आणि खांदा लावून मला बाहेर काढलं. मी अक्षरशः कोपरांवर कोसळलो. तेव्हा कळलं की हाताची मूठही मिटत नाहीये. आणि त्या दाबत होत्या. कुठे शिकल्या? कुठेच नाही. इतका वेळ तिथे उभं राहून त्यांनी नुसतं बघितलं होतं, आम्ही तिघे कधी नीट करतो आणि कधी ढिले पडतो ते. मी मोजायला लागलो, त्या दाबत राहिल्या. अॅम्ब्युलन्सवाले आले तेव्हा छातीवर त्यांचेच हात होते. मग मशीन लावलं, शॉक दिला, परत दिला, आणि कुणीतरी म्हणालं, नाडी लागतेय. परडीतली फुलं सगळ्यांच्या पायाखाली आली होती.

ते वाचले. हॉस्पिटलात बरेच दिवस राहिले, पण वाचले. आणि सोसायटीच्या ग्रुपवर नुसता पूर आला. हात जोडलेली चित्रं, मुलाचं कौतुक, छाती कशी दाबावी याचे व्हिडिओ. बँकवाल्याने नम्रपणे लिहिलं की मी फक्त माझं कर्तव्य केलं. माझं नाव कुठे नव्हतं. असायला हवं होतं असं मी म्हणत नाही. बरं, म्हणतो. मला वाईट वाटलं. पण त्याहून वाईट म्हणजे मला नेमकं काय झालं तेच सांगता येईना. जिन्यात मुलगा भेटला, त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, काका, तुम्ही मोजत होतात म्हणून मला शेवटपर्यंत करता आलं. शेवटपर्यंत! त्याला मधलं काही आठवतच नव्हतं. बँकवाला म्हणे की जवळजवळ सगळा वेळ तोच करत होता. तो खोटं बोलत नव्हता, त्याला मनापासून तसं वाटत होतं. मग मला जे मनापासून वाटतंय त्याचा तरी काय भरवसा?

मी घरी उशीवर करून बघितलं. दार लावून, पलंगावर गुडघे टेकून, किती वेळ हात ताठ राहतात ते बघत होतो. बायको चहा घेऊन आत आली. म्हणाली, शुद्धीवर आली का उशी? मला हसू फुटलं आणि मग काही केल्या रडू थांबेना. तिने कप ठेवला आणि पाठीवरून हात फिरवत बसली. मी तिला म्हटलं, वहिनींनी मला हात लावू दिला नाही. ती म्हणाली, आणि नंतर दिला. मी म्हटलं, यातलं खरं कुठलं? ती म्हणाली, मला विचाराल तर दोन्ही, आणि चहा गार होतोय.

मी जाहीर करून टाकलं की आजपासून मरणाची कामं बंद. ज्यांना माझे हात चालत नाहीत त्यांनी आपापली तिरडी आपापली बांधावी.  पुढच्याच आठवड्यात मागच्या विंगमधल्या एक म्हाताऱ्या बाई गेल्या आणि फोन आला. मी पायात चपला सरकवत होतो तेव्हा बायकोने अंघोळीचा जुना टॉवेल काढून दाराच्या खिळ्याला लावून ठेवला. माझी ही तऱ्हा.

ते घरी आले, तरी मी समोरच्या दारात पाऊल टाकलं नाही. आजारी माणसाच्या घरात मी जायचं म्हणजे लोक काय समजतील, हे बायकोला सांगायचं कारण. आत राग होता तो वेगळा. बायको मात्र जाऊन यायची आणि सांगायची. खातात-पितात, हिंडतात-फिरतात, पण विसरतात. चष्मा मागायचा असतो आणि किल्ली म्हणतात. जेवून उठले की जेवायचं कधी विचारतात. डॉक्टर म्हणतात, मेंदूला तेवढा वेळ रक्त कमी पडलं, काही भरून येईल, काही नाही. ते ऐकलं आणि माझा राग कुठे ठेवावा मला कळेना. एवढा वेळ कमी पडलं म्हणजे कुठला वेळ? मुलाचे कोपर वाकले तो? मी स्कूटरला टेकून उभा होतो तो? की मी स्वतः दाबत होतो आणि मला वाटत होतं सगळं झकास चाललंय, तो?

एके दिवशी सकाळी गेटवरच्या भाजीवाल्याकडे मी माठाची जुडी बघत होतो. शेजारी वहिनी येऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वाळल्या होत्या. आम्ही दोघांनी भाजी घेतली, इकडचं तिकडचं बोललो, मुलीचं विचारलं त्यांनी. मग भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला तसा त्यांनी आवाज खाली आणला.

“भाऊ, एक विचारू? मी तुम्हाला अडवलं नसतं, तर हे जास्त शाबूत राहिले असते का?”

इतके दिवस मी हाच प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून वाट बघत होतो. रात्री अंथरुणात पडून मी उत्तरंसुद्धा तयार केली होती, चांगली झणझणीत. आता त्या समोर उभ्या होत्या, पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत, आणि त्यांचं आयुष्य त्या उत्तरावर अडकलं होतं. मी हो म्हटलं असतं तर त्या रोज नवऱ्याला किल्लीच्या जागी चष्मा देत तेच आठवत बसल्या असत्या. नाही म्हटलं असतं तर ते खरं कशावरून?

म्हटलं, वहिनी, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तुम्ही अडवलंत तेव्हा मी ताजा होतो हे खरं. पण मी बसलो तेव्हा माझेही हात ढिले पडले आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. तुम्ही मला काढलंत नसतं तर मी तसाच दाबत राहिलो असतो आणि म्हणत राहिलो असतो की मी बरा आहे. कुणाच्या हातून किती गेलं आणि कुणाच्या हातून किती राहिलं, हे सांगणारा माणूस तिथे नव्हताच.  मग म्हणाल्या की त्या वेळी त्यांना माझा चेहरा दिसलाच नाही, नुसतं माझं येणं दिसलं. माफ करा असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला तिथे उभं राहवलं नसतं.

भाजीची पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, चला, चहा घ्यायला चला. मी म्हटलं, नको, आता नको, ते बिचकतील. त्या म्हणाल्या, कोण बिचकतंय? तुमच्यावाचून त्यांना पेपरसुद्धा गोड लागत नाही, फक्त त्यांना ते सांगता येत नाही. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मला उगाच धडधडत होतं, मुलगी बघायला निघालेल्या पोरासारखं. इतके दिवस समोरचं दार बघून मान फिरवत होतो, आता ते उघडलं आणि ओळखीचा उदबत्तीचा वास आला.

ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मिशी बारीक कापलेली, शर्ट नीट इस्त्रीचा, मांडीवर पेपर उघडा. दाराचा आवाज झाला तशी त्यांनी मान वर केली आणि मला बघितलं. मी हसलो. वाटलं, आता म्हणतील, काय हो, जिताडा आणलात का? ते माझ्याकडे बघत राहिले. ओळखलं त्यांनी, अगदी नक्की ओळखलं, कारण त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. पेपर बाजूला ठेवून ते खुर्चीचे हात धरून उठले आणि अशा वेळी जसं बोलतात तशा दबक्या आवाजात त्यांनी मला विचारलं,

“कोण गेलं?”

 मी दारातच उभा राहिलो, एक चप्पल काढलेली, एक पायात.

वहिनी माझ्या मागून पुढे झाल्या. नवऱ्याला दंडाला धरून परत खुर्चीत बसवलं, आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली.

“कुणी नाही गेलं,” त्या म्हणाल्या. “भाऊ चहाला आलेत.”